सोन्यावरची वाकडी शिखरं

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून घाबरायचं बंद.
सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर रेणू चिकटवून फेमटोसेकंद लेझर मारला. आलेखावर रेणूची ओळख पटवणारी रामन शिखरं कणांशिवाय सरळ उभी येतात, ती इथे वाकडी आली. एक बाजू वर, दुसरी खड्ड्यात. म्हणजे लेझरची मांडणी हलली आहे. बहुतेक माझ्याच कोपराने. कुणी पाहिलं नाही. शुक्रवारी मीटिंगमध्ये माझ्या गाइडना, लुओ सरांना, आलेख दाखवायचे आहेत. ते हो म्हणाले तर वसंतात डिग्री. तोवर सरळ करतो, सोपं काम आहे.
दुपारी तांदळाच्या शेवया मागवल्या, तशाच राहिल्या. भूक नव्हती, इतकंच.

४ नोव्हेंबर
आरसे थोडे फिरवले. शिखरं वाकडीच. यू-छ्येन ताई डोकावली. माझी सीनियर, सगळ्यांची काळजी करत फिरते. विचारत होती, सगळं ठीक ना? म्हटलं, एकदम मस्त. तिने पडद्याकडे पाहिलं. वीज वाचवायला तो मी नुकताच बंद केला होता.
यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून लेझरवर ठेवलेलं ग्वाइग्वाइ खाऊचं हिरवं पाकीट एक्सपायर झालेलं निघालं. मग यंत्र रुसणारच. खालच्या दुकानातून ताजं आणलं. चुकून पिवळं, म्हणजे यंत्र बंद पाडणारं, तर नाही ना, हे जिन्यात थांबून पुन्हा पाहिलं. अंधश्रद्धा नव्हे, खबरदारी.

५ नोव्हेंबर
लेझरची पॉवर वाढवली. जोर लावला की शिखरं ताठ होतील, असा साधा हिशेब. थोड्या वेळाने कुपीतलं जांभळं द्रावण राखाडी झालं आणि तळाशी काळा गाळ बसला. कण तापून एकमेकांना चिकटले असावेत. आता एकच कुपी शिल्लक. पुरेशी आहे.
कॉरिडॉरमध्ये सरांचा आवाज आला तेव्हा मी दाराआड होतो. बिजागरी तपासत.

६ नोव्हेंबर
धाडसी निर्णय. सगळे आरसे काढून पहिल्यापासून लावायचे.
काढले.
लावता येईनात. आता वाकडं शिखरही नाही, पडद्यावर नुसती गवतासारखी खरखर. आईचा ताइनानहून फोन आला. सांगितलं, मोठी सुधारणा चालू आहे. झोप येत नाही. कॉफी कमी करायला हवी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ
प्लॅन पक्का. सोन्याचा विषयच काढायचा नाही. वाकडे आलेख स्लाइडमधून उडवले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
एक राहिला होता.
सर उठून पडद्याजवळ गेले. मी खुर्चीची पाठ धरली. त्यांनी विचारलं, "हे असं का आलं, पो-यान?"
मी म्हणालो, "सर, माझं कोपर लागलं."
कुणी हसलंसुद्धा नाही. मग ताई म्हणाली, "कोपर नाही सर. सोन्यातले इलेक्ट्रॉन लेझरच्या तालावर झुलतात. त्यांचा प्रकाश रेणूच्या प्रकाशात मिसळतो. कुठे बेरीज होते, कुठे वजाबाकी. म्हणून शिखर वाकतं."
सरांचा चेहरा उजळला. कणांचा आकार बदलला तर वाकही बदलायला हवा, त्यावर अख्खा प्रबंध होईल, असं म्हणत ते दाराकडे निघालेच. "चल, आत्ताच दाखव."
सगळे मागोमाग आले. मी सगळ्यांच्या शेवटी.

८ नोव्हेंबर
कालचं लिहून टाकतो.
टेबलावर लेझर होता. आरसे ट्रेमध्ये होते. राखाडी कुपी कचऱ्याच्या डब्यात वरच दिसत होती. म्हणजे आठवडाभर मी जे दुरुस्त करत होतो, तोच माझा शोध होता.
सर ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. ते ओरडले नाहीत. स्टूल ओढून बसले, ट्रेमधला एक आरसा उचलून पुसायला लागले. पुसता पुसता त्यांनी ठरवून टाकलं: सोन्याचं काम आता ताई करेल, मी तिच्या हाताखाली मांडणी शिकायची. डिग्रीचं वसंतानंतर बघू.
मग खालच्या आवाजात म्हणाले, "आधीच विचारायचंस ना रे. इतकी भीती वाटते माझी? मी कधी काय केलंय तुला?"
काय केलंय, ते आज दिवसभर आठवून पाहिलं.
काहीच आठवत नाही.