तिच्या बाजूचं वाक्य

४ जानेवारी, शनिवार
पालकांचं ट्रेनिंग सुरू. मी पहिल्या रांगेत. बाकीचे बाप मागे मोबाईल चाळत होते.
आमच्या ठमीला तहान लागली की ती म्हणते, "तुला पाणी हवंय का?" आम्ही तिला तसंच विचारतो ना! ऑटिझम असलेली बरीच मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उचलतात, असं ट्रेनर बाई म्हणाल्या. उपाय सोपा. विचारायचं नाही, तिच्या बाजूचं वाक्य आपणच म्हणून दाखवायचं: "मला पाणी हवंय." पुढेही काहीतरी होतं, तिला हवं असेल तेव्हाच, एकदाच, मग थांबायचं वगैरे. तोवर मला मुद्दा कळला होता.
वीस तारखेला शाळेत भेट. शू आली की तिला स्वतः सांगता आलं पाहिजे, तरच पहिलीत घेणार. मोठ्या बाईंची एवढीच अट. भरपूर वेळ आहे.

५ जानेवारी
उठल्यापासून सुरू. मला पाणी हवंय. मला शू आली. मी दमले. (ती मुलगी, म्हणून 'दमले'. व्याकरणात तडजोड नाही.)
सासूबाई दर वेळी "बाबाला पाणी हवंय" म्हणत पाणी घेऊन येतात. शेवटी म्हणाल्या, "जावईबापू, एकदा शुगर तपासून घ्या."

८ जानेवारी
ऑफिसात साहेबांसमोर "मी कंटाळले" म्हणून गेलो. शिपाई अजून हसतोय. नवं काही करणाऱ्याला सोसावं लागतंच.
घरी सहकार्य शून्य. मी "मला शू आली" म्हटलं की बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "ठमे, बाजूला हो गं, बाबाला शू आलीय!" दोघी खिदळतात.

११ जानेवारी, शनिवार
ट्रेनिंगला दांडी. तेच तेच सांगतात, शिवाय पार्किंग मिळत नाही. बायको म्हणाली, मग मी जाऊ? म्हटलं, नको, दोन पद्धतींनी पोर गोंधळेल.

१४ जानेवारी
ब्रेकथ्रू! ठमी आपणहून आली आणि म्हणाली, "बाबाला पाणी हवंय." बापाची एवढी काळजी! डोळे भरून आले. ग्लासभर प्यायलो. तिने परत म्हटलं. परत प्यायलो. मग मात्र तिने ग्लास भिरकावला आणि स्वतःच्याच मनगटाला चावली.
झोप झाली नसावी.

२० जानेवारी, सकाळ
निळा शर्ट घातलाय. बायको येते म्हणत होती. म्हटलं, उगाच गर्दी नको.

२० जानेवारी, संध्याकाळ
मोठ्या बाई चांगल्या आहेत. ठमीला ठोकळे दिले, तिने रचले. मग ती उठली, माझं बोट धरलं आणि स्पष्ट म्हणाली, "बाबाला शू आली."
मोठ्या बाई हसू दाबून माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, बघा, दुसऱ्याचंही ओळखते! आणि खरं तर मला आलीही होती थोडी. ठमी बोट ओढत होती. तिला बाहेर शाळेच्या मावशींजवळ उभं केलं आणि पुरुषांच्या टॉयलेटात गेलो. दाराबाहेरून येतच होतं, "बाबाला शू आली. बाबाला शू आली."
मी आतून ओरडलो, "हो गं, शाब्बास!"
बाहेर आलो तर मावशी फरशी पुसत होत्या.
मोठ्या बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू या.
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "अरे, तुलाच सांगत होती ना ती?" मग ट्रेनर बाईंचा नंबर मागितला. दिला.
ठमीचे मोजे मीच काढले. तिने ओल्या फ्रॉककडे बघितलं, मग माझ्याकडे.
"बाबा ओला झाला."
हो म्हटलं.