पॅसेजमध्ये ठेवलेले धुपाटणे

लिहून ठेवणार : सहादू भिमाजी काकड, वय ७२ वर्षे, सेवानिवृत्त फिटर, राहणार सदनिका क्र. ३०१, गोदाछाया सहकारी गृहनिर्माण संस्था, पाथर्डी फाटा, नाशिक.

मी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला सगळे आठवते, म्हणूनच हा कागद लांबला आहे. माझ्या वकील दिशा तिडके यांनी दोनदा सुचवले की कलम ४ ते ७ मृत्युपत्रात लागत नाहीत, ते वेगळ्या कागदावर लिहावेत. वेगळा कागद कोणीतरी घडी करून कपाटात ठेवील आणि तो कोणाला दिसणार नाही. म्हणून ती कलमे इथेच राहू द्यावीत अशी मी त्यांना विनंती केली. २०१९ साली केलेले मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे.

कलम १. वर लिहिलेली सदनिका माझ्या स्वकष्टाची आहे. अंबडच्या कारखान्यात बत्तीस वर्षे नोकरी करून मी ती घेतली. माझ्या पश्चात ती माझी एकुलती एक मुलगी सौ. शुभांगी हिची होईल. मखमलाबादच्या वडिलोपार्जित जमिनीत, जिथे आजही गुलाब आणि शेवंती होते, माझा हक्क राहिलेला नाही. माझा भाऊ मल्हारी याने १९९४ साली मी सेकंड शिफ्टला असताना तलाठ्याकडे जाऊन काय केले, ते सगळ्या भावकीला ठाऊक आहे. त्यावरून मी त्याच्याशी चौदा वर्षे बोललो नाही, पुढे बोललो तरी राग मनात राहिला. आता तो राग मी सोडतो. तो सोडायचे कारण पुढे येईलच. ज्याच्या नावावर कलम ५ आहे, त्याने भावाला खोटारडा म्हणू नये.

कलम २. बँकेतील ठेवी शुभांगीच्याच नावाने वारस लावून ठेवल्या आहेत. तिच्या आईचे, म्हणजे माझी कै. पत्नी लताबाई हिचे दागिने शुभांगीकडे पूर्वीच गेले आहेत. मंगळसूत्र मात्र माझ्याकडे आहे. ते देव्हाऱ्याच्या खणात आहे, तेही शुभांगीने घ्यावे.

कलम ३. माझी हत्यारे : पान्यांचे दोन संच, व्हर्निअर, मायक्रोमीटर, हातड्रिल, फायलींचा लाकडी डबा. ही सर्व सातपूरच्या आय.टी.आय.मध्ये फिटरच्या वर्गाला द्यावीत. आधीच्या मसुद्यात इथे दुसरे नाव होते. ते का खोडले ते कलम ७ मध्ये आहे.

कलम ४. पितळी धुपाटणे, लाकडी मुठीचे, एक नग. हे मी स्वतः लेथवर केले. कारखान्यात पितळेची एक बुशिंग भंगारात निघाली होती, साहेबांना विचारून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत चार दिवस बसून तयार केले. लताबाई दर गुरुवारी संध्याकाळी गॅसवर गोवरीचा तुकडा पेटवून त्यात धूप घालीत असे. पुढे तिला दम्याचा त्रास सुरू झाला. धूर घरात कोंडला की तिला खोकला येई, पण गुरुवार मोडायला ती तयार नव्हती. मग आरती झाली की मी धुपाटणे उचलून दाराबाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवू लागलो. तिथे चपलांचे प्लायवूडचे कपाट होते. त्यावर ठेवीत असे, कारण खाली ठेवले तर येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागेल.

मी कारखान्याच्या सुरक्षा समितीत नऊ वर्षे होतो. ठिणगीपासून किती अंतरावर काय ठेवू नये, हे मी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवले आहे. आणि माझ्या स्वतःच्या दारात मी प्लायवूडवर निखारे ठेवीत होतो, तेही रद्दीच्या गठ्ठ्याला चिकटून. एक-दोनदा नव्हे, जवळजवळ दोन वर्षे.

कलम ५. दि. १६ मार्च २०१७, गुरुवार. संध्याकाळी सात वाजता धुपाटणे नेहमीच्या जागी ठेवून मी पाण्याची मोटर लावायला खाली गेलो. तेव्हा मी संस्थेचा सेक्रेटरी होतो. वॉचमनशी टाकीच्या गळतीवर बोलत उभा राहिलो. वीसेक मिनिटे गेली असतील. वर कोणीतरी ओरडले, आणि जिन्यातून काळा धूर खाली उतरताना दिसला.

आमच्या समोरच्या ३०२ मध्ये इब्राहिम मनियार भाड्याने राहत. मोटर रिवाइंडिंगचे कारागीर, माणूस हळू बोलणारा. पत्नी गुलजारबी आणि मुलगी अदिबा. अदिबाची त्या महिन्यात दहावीची परीक्षा चालू होती. मी तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा कपाट जळून कोसळले होते आणि वरची मीटरची वायर वितळत होती. इब्राहिमभाईंनी एकट्याने ओल्या गोधडीने आग दाबली होती. त्याआधी आमचे दार लाथेने उघडून त्यांनी लताबाईला ओल्या चादरीत गुंडाळून जिन्यापर्यंत आणले होते. त्यांचा उजवा तळहात भाजला होता. ते तो हात पाण्याच्या बादलीत धरून पायरीवर बसले होते.

माणसे जमली. अग्निशमनच्या जवानांनी विचारले, आग कशाने लागली? मी म्हणालो, माहीत नाही. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणाले, आज गुरुवार, ३०२ मध्ये लोबान असतो. सगळ्यांनी त्या दाराकडे पाहिले. मी बोलायला तोंड उघडले होते. ते मी मिटले. एवढेच माझ्याकडून घडले, आणि एवढे पुरे झाले.

घरात गेलो तर धुपाटणे देव्हाऱ्याशेजारी ओट्यावर होते, थंड झालेले, काजळी धरलेले. मला वाटले, लताबाईनेच आत घेतले असेल. मी ते धुऊन, पुसून खणात ठेवले. पुरावा पुसतो आहोत हे मला तेव्हाही कळत होते.

कलम ६. रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. इब्राहिमभाई हाताला पट्टी बांधून आले. त्यांनी सांगितले की अदिबाचा दुसऱ्या दिवशी पेपर होता, धुराने तिचे डोळे चुरचुरतात, म्हणून त्या आठवड्यात घरात लोबान पेटवलाच नव्हता. हे सांगताना ते सभेकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. माझ्या हस्ताक्षरातले वाक्य असे आहे : ‘श्री. मनियार यांनी जबाबदारी नाकारली. यापुढे कोणीही सदनिकेत लोबान जाळू नये असा ठराव सर्वानुमते मंजूर.’ धूप हा शब्द ठरावात नाही. तो मी लिहिला नाही आणि कोणी विचारलाही नाही.

त्यानंतर ३०२ च्या मालकांना संस्थेतर्फे पत्र गेले की भाडेकरार वाढवू नये. त्यावर सेक्रेटरी म्हणून सही माझी आहे. महिनाअखेरीस, अदिबाचे शेवटचे पेपर राहिलेले असताना, त्यांचे सामान टेम्पोत चढले. गुलजारबी लताबाईला भेटायला आल्या. मी आतल्या खोलीत बसून राहिलो.

त्या रात्री लताबाईने मला विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, “ज्यानं मला उचलून बाहेर काढलं, त्याला तुम्ही घराबाहेर काढलं.” त्यानंतर चार वर्षांनी ती गेली. त्या चार वर्षांत तिने एकाही गुरुवारी धूप लावला नाही. शुभांगी, तू विचारायचीस ना, आईने धूप का सोडला? मी म्हणायचो, दम्यामुळे. ते खोटे होते.

कलम ७. यंदा दिवाळी झाल्यावर मी वडाळा गावात त्यांचे घर शोधत गेलो. सोबत या मृत्युपत्राचा आधीचा मसुदा होता. त्यात निम्म्या ठेवी आणि सर्व हत्यारे इब्राहिम मनियार यांच्या नावे लिहिली होती. दार अदिबाने उघडले. ती आता औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिने मला ओळखले, आत घेतले, पाणी दिले, आणि स्वतः आत निघून गेली.

मी इब्राहिमभाईंना सगळे सांगितले. वाटेत बसमध्ये वाक्ये जुळवली होती, ती एकही आठवली नाही. ते ऐकून घेत होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून पुरती मिटत नाहीत. बारीक तारेचे वाइंडिंग त्यांना सोडावे लागले, आता ते दुकानात फक्त गिऱ्हाइकांशी बोलतात. माझे बोलून झाल्यावर ते म्हणाले,

“मला माहीत होतं, भाऊ. ते धुपाटणं मीच फडक्यात धरून तुमच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. अग्निशमनवाले यायच्या आत.”

मी विचारले, का?

“वहिनी जिन्यात बसून थरथरत होत्या. म्हटलं, त्यांच्यासमोर कोणी काही बोलायला नको. तुम्ही सांगालच, असं मला वाटलं होतं. सभेत तर वाटलंच.”

गुलजारबी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की हे त्या रविवारी घरी आले तेव्हा एवढेच बोलले, भाऊ लिहीत होते, वर बघतच नव्हते.

मी मसुदा पुढे केला. इब्राहिमभाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि परत दिला. मला काही नको, म्हणाले. मी आग्रह केला, हात जोडले. तेव्हा त्यांनी एकच विचारले, “हे तुम्ही सोसायटीत सांगितलं का?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग आधी इथे कशाला आलात?

रविवार दि. ३० नोव्हेंबरच्या सभेत मी उभा राहिलो आणि सांगितले. लोकांना बरे वाटले नाही. एक जण म्हणाला, काका, आठ वर्षं झाली, कशाला उकरता. दुसरा म्हणाला, तुमची तब्येत बरी नाही, बसा. आताच्या सेक्रेटरींनी नम्रपणे सांगितले की विषयपत्रिकेवर नसल्याने इतिवृत्तात घेता येणार नाही. मला कोणी दोष दिला नाही. उलट दोघांनी मला घरापर्यंत सोडले आणि तुम्ही मोठ्या मनाचे आहात असे म्हणाले.

संस्थेच्या वहीत जे लिहून मिळाले नाही, ते मी या कागदात लिहिले आहे. माझ्या मृत्यूनंतर कलम ४ ते ७ ची प्रत संस्थेच्या सूचनाफलकावर एक महिना लावावी आणि एक प्रत ३०२ च्या मालकांना पोचती करावी. हे शुभांगीने करायचे आहे. ते केल्याशिवाय तिने सदनिका आपल्या नावावर करून घेऊ नये.

कलम ८. कलम ४ मधील धुपाटणे शुभांगीला. शुभा, तू ते मागितले आहेस म्हणून देतो, नाहीतर मोडीत घालणार होतो. तुझे घर सातव्या मजल्यावर आहे, म्हणून नीट ऐक. देव्हारा लाकडी आहे, त्यात किंवा त्याखाली ठेवू नकोस. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर, गॅसच्या शेगडीपासून आणि सिलिंडरच्या नळीपासून दूरच्या टोकाला जागा कर. स्टीलच्या परातीत दोन बोटे वाळू पसर आणि मधोमध धुपाटणे ठेव. वरती कपाट, बाजूला पडदा, जवळ तेलाची बाटली काही नको. खिडकी उघडी असावी, पण वारा थेट निखाऱ्यावर यायला नको. निखारा असेपर्यंत खोली सोडायची नाही, फोन आला तरी नाही. राख पाण्यात विझवून, हाताला गार लागल्यावरच डब्यात टाकायची. धुराचा त्रास कोणाला होत असेल तर धूप लावायचा नाही. देवाला दाराबाहेर ठेवायची गरज पडत असेल, तर ती पूजा थांबवावी. आणि समोरच्या दारातल्या माणसांना विचारून घ्यावे.

कलम ९. माझे दिवस नाशिकमध्येच करावेत, त्र्यंबकेश्वरला वेगळा विधी नको. तेराव्याला माझ्याविषयी कोणी चांगले बोलायला उठले, तर त्यांना हा कागद वाचायला द्यावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभांगीने करावी. वकीलबाईंनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने शक्यतो साक्षीदार होऊ नये. हे मी इब्राहिमभाईंना सभेनंतर दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा सहज बोललो. ते म्हणाले, “मला तर काही मिळत नाही. मग मी करतो सही.” त्यांच्यासाठी लिहिलेले कलम मी तिथेच, त्यांच्यासमोर खोडले.

वरील सर्व मजकूर मी वाचला, समजून घेतला आणि खाली सही केली.

ठिकाण : नाशिक
दिनांक : १६ डिसेंबर २०२५

(सही) सहादू भिमाजी काकड

आमच्या दोघांच्या समक्ष लिहून देणाऱ्यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही साक्षीदार म्हणून सह्या केल्या :

साक्षीदार १. (सही) दिशा तिडके, वकील, नाशिक

साक्षीदार २. (सही) इब्राहिम मनियार, राहणार वडाळा गाव, नाशिक

साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिलेला मजकूर : मी पूर्ण कागद वाचला. घडले तसे लिहिले आहे. एक दुरुस्ती. कलम ५ मध्ये भाऊंनी मी एकट्याने आग विझवली असे लिहिले आहे. गोधडी गुलजारबीने भिजवून दिली आणि अकरा बादल्या पाणी तिने आणि अदिबाने आणले. त्यांची नावे लिहावीत.