तुझ्या न्हाणीघराखालची भिंत

प्रिय धाकट्या,

एकाच घरात राहून पत्र लिहायची वेळ आली म्हणून हसू नकोस. समोर बोलायला लागले की तू खांद्यावर हात टाकून "ताई, तू पण ना" म्हणतोस आणि माझा राग अर्ध्यातच विरघळतो. या वेळी मला तो पुरा करायचा आहे.

बाबा गेल्यावर तू वरचा मजला घेतलास आणि आई नि मी तळघरात आलो. खाली कसा छान गारवा आहे, असं तूच म्हणाला होतास. मिळाला गारवा. आईच्या खाटेमागे पहिला काळा डाग दिसला तेव्हा तू म्हणालास, खिडकी उघडी ठेवत जा. ती खिडकी रस्त्याला टेकलेली आहे रे. उघडली की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला दिसतात आणि गाड्यांचा धूर आत येतो. मग म्हणालास, ओले कपडे आत वाळत घालता म्हणून होतं. कपडे गच्चीवर नेले, तर तुझ्या बायकोच्या कुंड्यांवर सावली पडायला लागली. मग तू रंग लावलास. तो फुगला आणि त्याचे पोपडे आईच्या उशीवर पडू लागले. शेवटी तू भिंतीवर प्लायवूड ठोकलंस, त्यावर फुलाफुलांचा कागद चिकटवलास आणि पाहुण्यांना खाली आणून विचारलंस, तळघर वाटतं का? पाहुणे नाही म्हणाले आणि नाकाला रुमाल लावून वर गेले.

बाबांची पुस्तकं एकमेकांना चिकटली. आईच्या साड्यांवर ठिपके उमटले, ते धुऊन जाईनात. मी तोंडाला फडकं बांधून भिंत घासायचे, की पुढच्या आठवड्यात बुरशी पुन्हा हजर. तुला सांगायला निघाले की आई हात धरायची. दमून येतो तो, म्हणायची. मी काय बागेत फिरून येते?

तुम्ही सुट्टीला गेलात आणि मी हातोडी घेऊन ते प्लायवूड उखडलं. मागे काळी, कडेला हिरवट, मखमलीसारखी बुरशी. गिलाव्यात बोट घातलं तर आत गेलं. पण जमिनीची ओल खालून वर चढते, आणि ही छतापासून खाली उतरलेली होती. झाडांना पाणी घालायला दिलेली तुझी किल्ली घेतली, तुझ्या न्हाणीघरात गेले आणि मोरीत कपड्यांची नीळ कालवून बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी आईच्या खाटेमागची भिंत निळी झाली होती.

ते बघून मी आईकडे गेले, तर तिला काही नवल वाटलं नाही. तू वर न्हाणीघरात नवी फरशी घातलीस, तेव्हा गवंड्याने तुला जिन्यात सांगितलं होतं की खालचा जुना पाइप गळतोय, आत्ताच बदला. तू म्हणालास, राहू दे, काम लांबेल. आईने ते ऐकलं होतं. इतकी वर्षं ती त्या भिंतीला पाठ लावून झोपली आणि मला बोलली नाही. का, विचारलं, तर म्हणाली, "त्याने एवढ्या हौसेने फरशी बसवलीय. ती कशाला फोडायची?"

हे ती मला दवाखान्यातल्या खाटेवरून सांगत होती. तुम्ही निघालात आणि दुसऱ्याच दिवशी तिला दम लागला, ओठ निळसर झाले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि आधी हेच विचारलं, या झोपतात कुठे? उत्तर देताना मान खाली घालावी लागली मला. तुला फोन करू दिला नाही तिने. तुझी सुट्टी मोडेल म्हणून. आता बरी आहे, उद्या घरी येते. पण तळघरात नाही. तुमचा पलंग मी भिंतीकडे सरकवलाय आणि तिची खाट तुमच्या खोलीत, उजेडात लावलीय. फरशी फोडायला माणसं सोमवारी येतील. तुझ्या परवानगीसाठी हे लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढ्याचसाठी की तू दारात आलास की आई तुझीच माफी मागायला लागेल, तुझी खोली अडवली म्हणून. तेवढं तिला बोलू देऊ नकोस.

तुझीच, आणि अजून न निवळलेली,
ताई