मध्येच आणलेला नारळ

पुणे, १५ जानेवारी २०२५

ती. सोनबामामांस,
ज्ञानूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

रविवारपासून फोन लावतोय, तुम्ही उचलत नाही. हिर्डोशीला रेंज नसते, अशी मनाची समजूत घालतो. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन्हींत मी माझीच बाजू मांडली होती.

आपल्या यात्रेत गाणं रंगलं की मध्येच उठून गाणाऱ्याला टॉवेल-टोपी आणि नारळ देतात. त्यानं थांबून पाया पडायचं. तुमच्या पेटीवर गाऊन मीही असे नारळ घेतलेत. संगीत नाटकात मला पहिल्यांदाच राजाचं काम मिळालं आणि रविवारी तिसऱ्या अंकातल्या पदाला तुम्ही तसेच नारळ घेऊन उठून रंगमंचाच्या पायऱ्या चढलात. लोक हसले. मी तोंड फिरवून गात राहिलो. व्यवस्थापकांनी विंगेतून खुणेनं विचारलं, ओळखीचे आहेत का. मी नाही अशी मान हलवली. दोघांनी तुम्हाला दंडाला धरून खाली नेलं. पदाला टाळ्या पडल्या. त्या आठवल्या की घास उतरत नाही.

रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमचा अपराधी भाचा,
ज्ञानू

हिर्डोशी, २४ जानेवारी

चि. ज्ञानूस,
सोनबामामाचा आशीर्वाद. अक्षर माझ्या पोरीचं, शिवानीचं, बोलणं माझं.

आरं, चूक माझीबी हाय. तितं मधी उठत न्हाईत, हे मला कुठं ठावं? वाटलं, गाणं थांबवून तू वाकशील, म्हणून हुबा ऱ्हायलो. लई येळ हुबा ऱ्हायलो, तेवढंच लागलं.

गावात समद्यांनी इचारलं. म्या सांगितलं, ज्ञानूनं नारळ घेतला, पाया पडला. गेनबा म्हणतोय, फोटू दाखव. नारळ भितीतल्या देवळीत ठिवलाय, फोडला न्हाई. पेटीबी उघडली न्हाई अजून.

पोटभर जेवत जा. राजा लई वाळलाय.

माया हाय तशीच हाय.
सोनबामामा

ता. क. दादा, हे मी आबांना वाचून दाखवणार नाही. आबा आयुष्यात पहिल्यांदा गावाशी खोटं बोलले, ते तुझ्यासाठी. – शिवानी

पुणे, १ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. दुसऱ्या दिवशी तालमीला सगळ्यांसमोर सांगितलं, ते माझे मामा, गायला त्यांनीच शिकवलं. व्यवस्थापक म्हणाले, मग त्या दिवशी मान का हलवलीस?

सोळा तारखेला, रविवारी पुन्हा प्रयोग आहे. शिवानीला घेऊन सकाळच्या एसटीनं या. पहिल्या रांगेत, पायऱ्यांजवळच्या दोन खुर्च्या तुमच्या आहेत. नारळ तोच आणा. शिवानीला मोबाईल चार्ज करून आणायला सांगा, गेनबाकाकांना फोटो हवाय.

मध्येच थांबलास तर पुढच्या प्रयोगाला राजा दुसरा असेल, असं व्यवस्थापकांनी बजावलंय. असू दे.

तिसऱ्या अंकात पद सुरू झालं की उठा. पायऱ्या सावकाश चढा, तिथं उजेड कमी असतो. गाणं मी थांबवतो.

मामींना नमस्कार. तुमच्या मायेला मी पुरा पडावा, एवढंच मागणं.

तुमचा,
ज्ञानू