तीन पाण्यांत धुतलेला पुदिना

६ जानेवारी
ठमीच्या पोटात जंत. तपासणीत अंडी दिसली. सहा वर्षांची नात महिनाभर पोट धरून बसत होती आणि मी म्हणत होते, शाळेचा कंटाळा! डॉक्टरांनी विचारलं, "कच्चा पाला खाते का?" सून माझ्याकडे बघायला लागली. मी कॅलेंडरकडे.

७ जानेवारी
कच्चा पाला म्हणजे माझा पुदिना. रोज पूजा झाली की दोन पानं ठमीच्या तळहातावर. माझी आई अशीच द्यायची. नुकतीच न्हालेली, केस ओले, मागच्या वाफ्यातून खुडून थेट हातावर. "धुवायचं कशाला, घरचं आहे." जीभ गार व्हायची, मी डोळे मिटायचे, आई हसायची.
वाफा गेला, घर गेलं, आई गेली. लग्न होऊन निघताना तिने ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेली फांदी तेवढी राहिली. घरं बदलली, कुंड्या बदलल्या, तीच मुळी पुढे लावत आले. अडतीस वर्षं. कुंडीवर वाकलं की आई जवळ आल्यासारखी वाटते.

८ जानेवारी
सून भाजीपाला तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. म्हणाली, "आई, भाजीवालीची पालकाची जुडी आणि घरचा पुदिना, दोन्ही नेते उद्या. पण धुऊ नका हं. धुतल्यावर तपासायचं काय?"
कसं तपासता विचारलं. पानं पाण्यात खळखळून हलवतात. ते पाणी उंच भांड्यात निवळू देतात. वरचं ओतून टाकतात, तळाचा गाळ यंत्रात गरगर फिरवतात, मग थेंबभर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.
ऐकून हसूच आलं. माझी आई शाळेची पायरी चढली नाही, पण करायची हेच — बाजारचा पाला धुतलेलं पाणी पातेल्यात निवळत ठेवायची. वरच्या पाण्याने फरशी पुसायची, तळाचा गाळ वाफ्याला. "मातीची माती मातीला. वाया काही जाऊ नये." मीही तेच करते. सुनेला सांगायचं राहून गेलं.

९ जानेवारी
पुदिना धुऊन दिला. सवयीने हात गेला.

१० जानेवारी
काल खोटं लिहिलं. निदान इथे तरी नको. सवयीने नाही, मुद्दाम धुतला. तीन पाण्यांत. फडक्याने टिपला, पिशवीत भरला. जुडी मात्र आली तशी दिली, चिखलासकट.
सकाळी जपाला बसले. माळ पुढे सरकेना.

१३ जानेवारी
निकाल आला. पालकात अंडी निघाली, थोडी. पुदिना स्वच्छ.
सून म्हणाली, "बाजारच्या पाल्यात थोडंफार निघतंच, आई. म्हणून तर नीट धुवायचं." पुढचं मी ऐकलं नाही. तडक कोपऱ्यावर गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर भाजीवालीला नाही नाही ते बोलले.
ती जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "वीस वर्षं माझा पाला खाताय, ताई. धडधाकट आहात. भांडायला जोरही आहे. आजच काय झालं?" लोक हसले.
मी म्हटलं, "माझ्या नातीच्या पोटात जंत झालेत. तुझ्या पालकाने."
मग कोणी हसलं नाही. एका बाईने पिशवीतली जुडी काढून परत ठेवली.

१७ जानेवारी
औषध लागू पडलं. ठमी घरभर हुंदडते. पूजा झाली की हात पुढे. "आजी, पान?"
चार दिवस सांगतेय, पुदिना झोपलाय. आज म्हणाली, "मग उठव की त्याला."
स्वच्छ आहे असं कागदावर लिहून आलंय. मग पान खुडायला माझा हात का जात नाही?

१८ जानेवारी
सुनेला सगळं सांगितलं. धुऊन दिला तेही, गाळ रोज कुंडीत जातो तेही. रागावली असती तर परवडलं असतं. चहा बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "आम्ही यंत्र लावून जे थेंबात गोळा करतो, ते तुम्ही इतकी वर्षं कुंडीत गोळा करत आलात, आई."
उठली आणि स्वतःच्या हाताने पुदिना खुडून घेतला. न धुता.

२२ जानेवारी
पुदिन्यात अंडी निघाली, पालकात होती त्याच्या कितीतरी पट. आयुष्यभर वहीत हिशेबाचे आकडे लिहिले, हा मात्र लिहवत नाही.
ती माती आता घरात नको. अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात म्हणे. कुंडी उचलताना माझा चेहरा बघून सुनेनेच एक फांदी तोडली, चोळून चोळून धुतली, पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवली. "पण कच्चं खायचं नाही हं." मी मान डोलावली.

२३ जानेवारी
भाजीवालीकडे गेले. म्हटलं, चूक माझी होती.
"बोललात चौघांसमोर, आणि कबुली एकटीला? बसा इथे. येईल त्याला सांगा."
बसले. तासभर तिच्या जुड्या बांधत येईल त्याला सांगितलं, हिची काही चूक नाही, खुशाल घ्या, फक्त तीन पाण्यांत धुवा.
ती म्हणाली, "ताई, ते शेवटचं जरा हळू सांगा."
निघताना पालक घेतला. तिने जुडी निवडून दिली, नेहमीसारखी.

२९ जानेवारी
फांदीला पांढरं मूळ फुटलं. सून हौसेने दाखवायला आली.
आई पान दोघांना द्यायची. मला आणि माझ्या धाकट्या भावाला. तो पाचव्या वर्षी गेला, पोट फुगून, तीन दिवसांत. दृष्ट लागली म्हणाले सगळे. पुढे मरेपर्यंत आई त्याच्या वाटचं पान रोज खुडून देवापुढे ठेवायची.
तिला हे कळायच्या आत देवाने तिला नेलं. त्याचे उपकार.