अधःकुंडाचा कारभार

४ तारीख, रविवार, सकाळ
या घरात माणसाने निवांत वर्तमानपत्र वाचावे अशी सोय उरलेली नाही. बाहेरच्या खोलीतल्या समुद्री माशांच्या टाकीतून अहोरात्र ‘च्च, च्च’ असा आवाज येतो. कोणीतरी सतत आपली कीव करत असल्यासारखा.
टाकी कन्येची. नोकरीसाठी परगावी जाताना दोन जोकर मासे माझ्या हवाली करून गेली. निघण्याआधी आमचे वाजले. आता दर रविवारी फोन येतो. आईशी तासभर गप्पा, मग माशांच्या चौकशीपुरता मी. मी मनाला लावून घेत नाही.

६ तारीख
यंत्रणेचा सखोल अभ्यास. वरच्या टाकीतले पाणी ओसंडून पाइपाने खाली कपाटातल्या सम्पमध्ये पडते, गाळले जाते, पंप ते पुन्हा वर चढवतो. सम्पच्या एका कप्प्यात दिव्याखाली शेवाळ वाढते, बारीक जीव आसरा घेतात. तो रेफ्यूजियम. मी अनुक्रमे ‘अधःकुंड’ आणि ‘शरणालय’ ही नावे मुक्रर केली. सौ. म्हणाली, शरणालयात माझ्यापुरती जागा होते का बघा.
आवाजाचे मूळ सापडले. पंपाच्या पाइपाला वर, पाण्याच्या पातळीशी, एक बारीक भोक आहे. त्यातून पाणी उडते. उघडउघड कारागिराची हयगय.

८ तारीख
प्लंबर आला. म्हणाला, साहेब, हे मुद्दाम तर नाही ना पाडलेलं? मी म्हणालो, मुद्दाम कोण पाडेल? मग तुम्ही म्हणाल तसं, म्हणाला. समंजस माणूस. भोक बुजवले. काय ती शांतता!
अधःकुंड अर्धवट भरलेले बरे दिसेना. कन्येने कालवून ठेवलेले खारे पाणी सगळे ओतून काठोकाठ केले.

११ तारीख, रविवार
फोन. कन्येला शंका आली. बाबा, मागे तो आवाज कसा येत नाही? भोकाला हात नाही ना लावलात? पाइपाचं तोंड टाकीच्या तळाशी आहे; पंप बंद पडला की पाणी त्याच पाइपानं उलटं खाली येतं. भोकातून हवा शिरते म्हणून थांबतं, नाहीतर सम्प वाहायला लागेल.
मी म्हणालो, मी कशाला हात लावू? शब्दशः सत्य. हात प्लंबरचा.
उद्या त्याला बोलावणे.

१२ तारीख
राहिले. वीज हल्ली जातेच कुठे? अग्रलेख पूर्ण वाचला. भिकार होता.

१४ तारीख, दुपार
दोघे डॉक्टरांकडे गेलो होतो. मागे वीज गेली. परतलो तो पाणी उंबऱ्याबाहेर. खालचे शेजारी जिन्यातच भेटले. म्हणाले, आमच्या पलंगावर समुद्र उतरलाय, आता मासेही पाठवून द्या.
मासे वरच होते, तळच्या उरल्यासुरल्या पाण्यात. सौ. फरशी पुसता पुसता म्हणाली, अहो, तिला फोन करून विचारा. एवढ्यातेवढ्यासाठी? मी नळाचे पाणी सोडून टाकी भरली. मीठ उद्या आणू. पाणी ते पाणी.
मासे लगेच वर आले. बहुधा आनंदाने.

१५ तारीख
दोघेही गेले.
सौ.ने जाळी आणून दिली. बोलली असती तर उत्तर तयार होते.
संकल्प : हुबेहूब तसेच दोन आणणे. दुकानदार म्हणाला, मासे देतो, पण आधी टाकी महिनाभर सुधारू द्या. शिवाय कन्या त्यांना पट्ट्यांवरून ओळखते. विचार चालू आहे.

१८ तारीख, रविवार
फोन आला. सौ.ने तो माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. कसे आहेत? मजेत. खातात? मी म्हणालो, अगं, ताटावरून उठवावं लागतं. कन्या हसली. कितीतरी दिवसांनी हसली.
खरे सांगायला हवे, हे कळते. ती चिडेल; तिच्या चिडण्याची मला सवय आहे. पण मासे नाहीत म्हटल्यावर तिला माझ्याशी बोलायला काही कारणच उरणार नाही. त्याची भीती वाटते.