बेसिनपाशी काढलेल्या बांगड्या

मेट्रनबाई, उंद्रीला दिलेली माझी धाकटी बहीण तीन आठवडे दवाखान्यात पडून आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन चांगलं झालं, पण जखम भरेना. काल तिथल्या तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला. "काकू, या जंतूंवर नेहमीची अँटिबायोटिक्स चालतच नाहीत. एकच औषध उरलंय, तेही किडनीला जड. असे जंतू बहुतेक हातांवरूनच एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात." हे मला सांगत होते. तुमच्या हाताखाली नर्स झालेल्या बाईला.

मला आपल्या वॉर्डातलं ते बेसिन आठवलं. मी नवी नवरी, हिरवा चुडा घालून ड्यूटीवर आलेली. तुम्ही माझं मनगट धरता. "कान्व्हेंटच्या शाळेत मास्तरणी तुयी नखं तपासत होत्या ना? मंग या बांगड्यायखालचं कोन धुईन?" मी म्हणते, साखरखेर्ड्याच्या सासूबाई काढू देणार नाहीत. "तुया सासूले सांगाले कोन जाऊन राह्यलं?" आणि तुम्ही स्वतः माझा हात साबणाच्या फेसात घेऊन एकेक बांगडी उतरवता, एकही न फोडता. दुसऱ्या दिवशी जुन्या चादरीची शिवलेली पिशवी देता, बांगड्या ठेवायला. ड्यूटी संपली की पुन्हा फेस करून त्या चढवायच्या. सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही पाठीमागे तुम्हाला साबणबाई म्हणायचो. तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं. तुम्ही वारलात तेव्हाही आम्ही 'साबणबाई गेल्या' असंच म्हणालो.

आज सकाळी बहिणीचं ड्रेसिंग करायला आलेली मुलगी शेजारच्या खाटेवरून थेट इकडे वळली. हातमोजे तेच, मनगटात बांगड्या. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. भिंतीवर हात धुण्याचं रंगीत चित्र आहे आणि बेसिनवर साबणाचा पत्ता नाही, हेही डॉक्टरांना ऐकवलं. मुलगी खाली बघत म्हणाली, "काढल्या होत्या मॅडम, आत्ताच घातल्या."

हेच वाक्य मी एकदा तुम्हाला म्हणाले होते. सासूबाई आपल्या दवाखान्यात डोळे तपासायला आल्या होत्या आणि दिवसभर व्हरांड्यात बसून माझ्याकडे बघत होत्या. त्या दिवशी मी बांगड्यांसकट ड्रेसिंग केलं. पुढे एका भाजलेल्या बाईच्या जखमेत पू झाला. तुम्ही प्रत्येकीला विचारत माझ्यापाशी आलात, माझं उत्तर ऐकलंत, जरा वेळ पाहिलंत आणि पुढे गेलात. तेव्हा साधं पेनिसिलिन पुरलं. ती बाई चालत घरी गेली, म्हणून मला विसरता आलं. माझ्या बहिणीच्या वाट्याला तेवढंही उरलेलं नाही.

पिशवी अजून कपाटात आहे. उद्या ती आणि साबणाची वडी घेऊन जाईन, त्या मुलीच्या बांगड्या मी माझ्या हातांनी उतरवीन. पिशवी कुणी दिली ते सांगीन. खोटं बोलले होते ते तिला सांगवेल की नाही, माहीत नाही. तुम्हाला सांगणं सोपं गेलं, कारण तुम्ही आता माझ्याकडे पाहणार नाही.